लोहकण घेऊन वालूरला

सेलूच्या स्टेशनवर उतरले आणि आधी पिशवीत हात घालून बाटली चाचपली. बोटभर उंचीची काचेची बाटली, रबरी बूच, आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. गाडीत समोरच्या बाईंनी ती बघून विचारलं होतं, "आयुर्वेदिक आहे का?" मी सरळ हो म्हणाले. नॅनोकण समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं. सोपं म्हणून खोटं बोलायची ही माझी खोड या प्रवासात मला चांगलीच महागात पडणार होती.

परभणी म्हटलं की पुण्यातली माणसं "बापरे, काय ऊन असेल" एवढंच म्हणतात. त्यांनी जानेवारीत यावं. सेलूहून वालूरला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये माझ्यासकट अकरा जण होतो आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने कान दुखायला लागले होते. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कंबरेएवढी ज्वारी, मध्येच तुरीचे पट्टे, कापसाच्या उरल्यासुरल्या बोंडांना चिकटलेल्या वेचणाऱ्या बायका. इतकं सपाट की नजर अडत नाही. पुण्यात माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्या दिसतात. मी सहा वर्षांनी इकडे येत होते. का आले नाही, याला उत्तर म्हणजे कामं होती. कामं कुणाला नसतात?

शेजारच्या आजोबांनी जीप सुटायच्या आत माझं गाव, आडनाव, नोकरी आणि मुलं किती हे सगळं काढून घेतलं. "दवाखान्यात हायस का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दवाखान्यात लागणारं औषध बनवते. "मंग डाक्टरच की," त्यांनी निकाल देऊन टाकला आणि उरलेल्या वाटेत गुडघा माझ्यापुढे केला.

वालूर

सुमनमावशी माझ्या आईची थोरली बहीण. मी नववीत असताना आई गेली, आणि पुढची पाच वर्षं मी मावशीच्या घरी वालूरला काढली. ती सरकारी उपकेंद्रात नर्स होती. गावोगाव जाऊन पोरांना लस टोचायची, बाळंतपणं करायची. प्रल्हादकाका, म्हणजे तिचे यजमान, शिंपीकाम करतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मागे दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि त्याखाली माझा पीएचडीचा फोटो, ज्यात माझे डोळे मिटलेले आहेत. सहा वर्षांत तो फोटो कुणी बदललेला नव्हता.

"जय भीम काका," मी म्हटलं. काका उठले, गळ्यातली टेप सावरली, आणि मला काही बोलायच्या आधीच आतल्या खोलीकडे वळून ओरडले, "मित्रू आली गं! घेऊन आली!"

माझं नाव संघमित्रा. मित्रू म्हणणारी आता दोनच माणसं उरली आहेत.

मावशी आतून आली. मी तिला फोनवर रोज बघत होते, पण तिथे फक्त चेहरा दिसायचा. पायांवर सूज, आणि बाकी अंगावर नुसती साडी. तिच्या किडन्या चार-पाच वर्षांपासून हळूहळू जात आहेत. त्यात मागच्या महिन्यात सोनोग्राफीत यकृतावर एक डाग दिसला. तो साधा आहे की वाईट, हे सांगायला एमआरआय हवा, आणि एमआरआयमध्ये डाग नीट उठून दिसायला शिरेतून एक औषध द्यावं लागतं. नेहमीचं औषध किडनीतून बाहेर पडतं. मावशीच्या किडन्यांची अवस्था बघून परभणीचे डॉक्टर ते द्यायला धजत नव्हते.

आता योगायोग म्हणा नाहीतर थट्टा म्हणा, पुण्यात गेली नऊ वर्षं मी ज्याच्या मागे लागले आहे ते नेमकं हेच. किडनीवर भार न टाकणारं असं औषध. लोखंडाच्या गंजाचे अतिशय बारीक कण, त्यांच्यावर साखरेच्या जातीच्या पदार्थाचा लेप. ते रक्तात सोडले की निरोगी यकृत त्यांना गिळून टाकतं आणि एमआरआयच्या चित्रात काळं पडतं. बिघडलेला भाग गिळत नाही, तो पांढरा राहतो. शाळेची पाटी आधी चांगली काळी केली की खडूचा ठिपकासुद्धा दिसतो, तसं. आणि काम झालं की शरीर ते लोखंड रक्त बनवायला वापरून टाकतं. या जातीची औषधं जगात पूर्वीही झाली. आमचं वेगळं आहे आणि, असं आम्हाला वाटतं, जास्त चांगलं आहे. पण ते अजून उंदरांवर आहे.

हे शेवटचं वाक्य मी फोनवर नीट सांगितलं नव्हतं. मावशीचा रिपोर्ट आला त्या दिवशी काका फोनवर रडायला लागले आणि मी त्यांना धीर द्यायला म्हणाले, "काका, आम्ही किडनीला न बाधणारंच औषध बनवतोय. लय चांगलं दिसायलंय. येताना आणते, दाखवते." दाखवायचं होतं ते वालूरच्या शाळेतल्या मुलांना. तिथल्या गुरुजींनी विज्ञानाचं काही दाखवाल का म्हणून विचारलं होतं. काकांनी मात्र त्यातलं "आणते" तेवढं धरून ठेवलं.

चहा व्हायच्या आत मी बाटली काढली. पिशवीत जोरदार लोहचुंबक होतं, ते बाटलीच्या एका अंगाला धरून बसले. चार-पाच मिनिटांनी पाण्याचा रंग हळूहळू त्या बाजूला सरकला. काकांनी श्वास रोखून बघितलं. मग दोन्ही हात धोतराला पुसून बाटली ओंजळीत घेतली.

"किती दिवसांचा कोर्स हाय?" त्यांनी विचारलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. मावशी भाकरी थापत होती, तिची पाठ आमच्याकडे होती. काकांचे डोळे बाटलीवर होते. मी म्हणाले, "बघू काका."

बघू! या एका शब्दावर मी दोन दिवस काढले.

मावशीने मागाहून हात पुसून बाटली पाहिली, खिडकीकडे धरून वरची चिठ्ठी पाहिली, आणि काही न बोलता फडताळात ठेवली. जेवायला सोल्याची आमटी होती, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, वर लसणाची फोडणी, बाजूला अंबाडीची भाजी आणि ठेचा. मावशीच्या ताटात वेगळं. दोनदा पाणी बदलून शिजवलेली भाजी, मीठ जवळजवळ नाही. "दवाखान्यातल्यासारखं लागतंय," ती म्हणाली आणि माझ्या ताटातल्या ठेच्याला बोट लावून चाटलं. काकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. काका तीन भाकरी जेवले. शेजारच्या कमलबाई आल्या होत्या, त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "महिन्यानं पोटभर जेवलेत बघ. तू आलीस आन् जीव आला त्यांच्यात."

पुण्यात आम्ही कुणाकडे जायचं तर दोन दिवस आधी फोन करतो. इथे संध्याकाळपर्यंत सोळा माणसं येऊन बाटली बघून गेली. एकाने विचारलं, गुडघ्याला चालेल का.

येलदरी

दुसऱ्या दिवशी मावशीने येलदरीला जायचं काढलं. धरणाखालच्या वस्त्यांवर तिने नोकरीची अर्धी वर्षं काढली होती आणि तिला ते पाणी बघायचं होतं. "आता न्हाई तर कधी?" असं ती सहज बोलून गेली आणि काकांनी आणि मी ते सहजच ऐकलं. मी सेलूहून गाडी सांगितली. काका म्हणाले, मी घरी थांबतो, शाळेचे ड्रेस द्यायचेत. जाताना त्यांनी मावशीच्या खांद्यावर शाल टाकली, मग तिचं टोक नीट केलं, मग परत एकदा नीट केलं.

जिंतूर सोडल्यावर जमीन उंचसखल होते. सपाट मुलखातून आलेल्या माणसाला ती छोटी टेकाडंही डोंगर वाटतात. आणि मग एकदम पूर्णेचं पाणी. मी समुद्र पाहिला आहे, पण कोरड्या मुलखाच्या मध्यावर साठवलेलं पाणी बघून जे वाटतं ते समुद्राकडे बघून कधी वाटलं नाही. मावशी कठड्याला टेकून उभी राहिली. खाली दोन होड्या, दूरवर जाळं ओढणारी माणसं, आणि इतकी शांतता की त्यांचं बोलणं वरपर्यंत ऐकू येत होतं.

"इथून पलीकडल्या वाडीला होडीनं जायची मी," ती म्हणाली. "डबा मांडीवर. लसीचा. पोरगं बुडालं तरी चालंल पर डबा बुडू नये, आसं म्हणायचा होडीवाला. मस्करीत."

"आणि बर्फ?"

"बर्फाचं काम तुझ्या काकाचं. पाटं चारला उठून सायकलवर केंद्रातून बर्फाच्या थैल्या आणायचे. एवढी वर्षं. एक दिवस खाडा न्हाई." ती हसली. "नोकरी माझी, ड्युटी त्यांची."

धरणाजवळच्या खानावळीत मासे खायला गेलो. टिनाचं छप्पर, चुलीवर कढई, आणि ताजा मासा मसाल्यात बुडवून तव्यावर टाकला की येणारा वास. मावशीला मासा मोजून खायचा. तिने एक तुकडा घेतला, आणि मी तिखटाने डोळे पुसत असताना दुसराही घेतला. ताट उचलायला आलेली बाई एकदम थबकली. चाळिशीची, नाकात मोठी चमकी.

"सिस्टरबाई ना तुमी?"

मावशीने निरखून पाहिलं. "सखूची सून तू. पायाळू पोरगी झाली व्हती तुला."

"तीच की ओ! नांदेडला नर्सिंगला हाय आता." आणि त्या बाईने खरकट्या हातानेच मावशीचे पाय धरले. मग आत जाऊन एका अख्ख्या माशाचं कालवण घेऊन आली आणि पैसे घ्यायचं नाव काढू देईना. ते कालवण मलाच खावं लागलं. मावशी समोर बसून बघत राहिली, मी लहान असताना बघायची तशीच.

तिथे बसल्या बसल्या मी एक गोष्ट केली ती लिहून टाकते. मावशीचं वजन मला माहीत होतं. उंदरांना आम्ही किलोमागे किती देतो तेही पाठ होतं. उंदराचं माणसाला करताना काय भागायचं, तेही. ताटाच्या कडेला सांडलेल्या रश्श्यात बोटाने आकडा काढला आणि पुसला. तिच्या दंडाला किती लागेल ते मला कळलं होतं. आपल्या हाताने बनवलेली वस्तू, जिच्यावर आपला विश्वास आहे, आणि समोर आपलं माणूस. मला ते द्यायचं होतं. त्या क्षणी कुणी सुई हातात दिली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

परतताना गाडीत मावशी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. आई गेल्यावर पहिल्या वर्षी मी त्या वासाजवळच झोपत असे. पुण्यातली नोकरी, घर, लोहकण, सगळं सोडून इथेच राहावं असं इतक्या जोराने वाटलं की मी खिडकीबाहेर बघून दात आवळले. आज घरी गेल्या गेल्या सांगून टाकायचं, असं मनाशी ठरवलं.

पुन्हा वालूर

दिवेलागणीला घरी पोचलो तर गावात लाइट नव्हती. आम्ही निघाल्यापासूनच गेली होती. काका कंदिलाच्या उजेडात उंबऱ्यात उभे होते, चेहरा एकदम खूश.

"फिकीर करू नका," ते आम्हाला पाहताच म्हणाले. "दवा संभाळलीय."

त्यांनी मला फ्रीजजवळ नेलं. बाटली त्यांनी आदल्या रात्रीच फडताळातून काढून त्यात ठेवली होती. फ्रीज बंद होता, पण वरच्या बर्फाच्या कप्प्यात त्यांनी मावशीच्या नोकरीतल्या जुन्या बर्फाच्या थैल्या लावल्या होत्या. सोडावाल्याकडून बर्फाची लादी आणून, फोडून, मीठ घालून, चारी बाजूंनी चुरा दाबला होता. मध्ये फडक्यात गुंडाळलेली माझी बाटली.

"सकाळपून तीनदा बर्फ बदलला," काका म्हणाले. "मला ठाव हाय, दवा गरम झाली की गेली. एवढी वर्षं हेच केलंय मी."

बाटली दगडासारखी गोठली होती.

आमच्या औषधाला थंडीची गरजच नाही. उन्हात ठेवू नका, एवढंच मी सांगितलं होतं. आमच्या प्रयोगशाळेत ते गोठवायचं नसतं हे नव्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून तसं बोलून दाखवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. गोठताना बर्फ कणांना एकमेकांवर रेटतो, लेप सुटतो, आणि कण एकमेकांना चिकटतात. पिठल्यात एकदा गुठळ्या झाल्या की कितीही घोटा, तसंच.

मी बाटली हातात धरून बसले. वितळल्यावर वर जवळजवळ नितळ पाणी आणि तळाला तपकिरी गाळ दिसला. माझा चेहरा कधी काही लपवत नाही. काका माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात मावशीने माझ्या हातातून बाटली घेतली. दोनदा जोरात हलवली, पाटावर ठेवली, आणि कंदील जवळ ओढून वाकून बघत राहिली. नर्सेसना लस गोठून बिघडली का ते असंच बघायला शिकवतात, हलवायची आणि गाळ किती लवकर बसतो ते पाहायचं. पंधरा मिनिटं ती हलली नाही. आम्हीही नाही.

"गोठून गेलंय हे," ती म्हणाली.

काका खाली बसले. मशीनच्या पायाशी, जमिनीवर. "मी केलं," ते म्हणाले. "माझ्या हातानं केलं." मग कपाळावर हात मारला आणि पुन्हा तेच म्हणाले. एवढी वर्षं पहाटे उठून त्यांनी बर्फ आणला होता तो दुसऱ्यांच्या पोरांसाठी. आणि आता आपल्या बायकोचं औषध आपणच घालवलं, असं त्यांना वाटत होतं.

गप्प बसले असते तर माझी सुटका होती. औषध बिघडलं, मी दुसरं पाठवते म्हणाले, मग उशीर होत गेला, असं सगळं आपोआप जुळलं असतं, आणि त्याचं ओझं या माणसाने जन्मभर वाहिलं असतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"काका, ते औषध नव्हतंच. म्हणजे औषध आहे, पण माणसांचं नाही. अजून उंदरांवरच चाललंय. मी शाळेत दाखवायला आणलं होतं. तुम्ही काही बिघडवलं नाही. मावशीला ते देताच आलं नसतं."

त्यांनी मान वर केली. "मंग काल कामून न्हाई सांगितलंस?"

"जीभ रेटली नाही."

"काल कामून न्हाई सांगितलंस?" त्यांचा आवाज चढला. सोळा वर्षांची असताना त्यांच्या कात्रीने मी पतंगाचा कागद कापला होता, तेव्हाही ते माझ्यावर ओरडले नव्हते. "गावाला सांगून बसलो मी. दवा आलीय म्हनून. लोकाच्या पोरी काय काय आणतात, आमच्या पोरीनं जीव आणला म्हनून."

मी रडायला लागले. त्यांनी मला उगी केलं नाही. थोड्या वेळाने मात्र पुढे सरकून माझा हात धरला आणि अगदी हळू म्हणाले, "दुसरी बाटली आण. चांगली. त्या दवावर भरवसा हाय ना तुझा? तर तूच दे. घरच्या घरी. मी कुणाला म्हणून सांगत न्हाई."

बोटाने काढलेला आणि पुसलेला तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर आला. मी नाही म्हणाले नाही.

मावशी म्हणाली, "आन् त्याच्या वर काय लिवलंय ते वाचणार कोण?"

"कशाच्या वर?" काका म्हणाले.

"बाटलीच्या. इंग्रजीत हाय. माणसाला वापरू नये म्हणून." तिने बाटली उचलून फडताळात ठेवली. "आयुष्यभर मी चिठ्ठी वाचल्याबगर एका लेकराला सुई टोचली न्हाई. बायका हात जोडायच्या, द्या म्हणायच्या, सरपंच दटावायचा. न्हाई दिली. आता माझा दंड हाय म्हणून देऊ?"

तिने पहिल्याच दिवशी खिडकीकडे धरून वाचलं होतं. तिला सगळं माहीत होतं.

काका तिच्याकडे वळले. "मंग तू बी कामून गप बसलीस?"

"तुमी दोन दिस पोटभर जेवायलात म्हणून," मावशी म्हणाली.

लाइट आली, फ्रीज घरघरायला लागला, काका उठून मशीनपाशी गेले आणि उगीच त्याला तेल घालत बसले. मावशीने कालची आमटी गरम केली. आम्ही तिघांनी थोडं थोडं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी फक्त लोहचुंबक आणि बिघडलेल्या बाटलीऐवजी लोखंडाचा कीस नेला. मुलांना तोच जास्त आवडला.

परभणी

चौथ्या दिवशी परभणीला गेलो. काही न टोचता साधा एमआरआय करायचा, निदान दिसेल तेवढं बघायचं, असं डॉक्टरांशी ठरलं. मावशीने अंगावरचं सोनं काढून काकांच्या रुमालात बांधलं, कुंकू नसलेल्या कपाळावरचे केस मागे सारले आणि तंत्रज्ञ मुलीला विचारलं, "सुई बाळगू नको हं आत, ओढून घेतंय ते मशीन." ती पोरगी हसून म्हणाली, "सिस्टर दिसता तुम्ही."

बाहेर बाकावर काका आणि मी. आतून मशीनची ठोकाठोक ऐकू येत होती. काका दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले होते. आता भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या रोजी तू सांगितलं नसतंस, तर मी मलाच गुन्हेगार धरलं असतं. मरोस्तवर." मग सोन्याच्या रुमालाची गाठ घट्ट करत म्हणाले, "राग गेला न्हाई अजून. पर बरं केलंस."

डॉक्टर भले होते. मी याच कामात आहे हे कळल्यावर त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं. मावशीचं यकृत करड्या रंगाचं, आणि त्यात एका जागी जरासं वेगळं करडं. कडा नाही, नक्की आकार नाही. "काहीतरी आहे," ते म्हणाले. "पण काय, हे यावरून मी सांगणार नाही. तीन महिन्यांनी परत बघू. वाढलं तर सुई घालून तुकडा काढावा लागेल."

मी त्या करड्या जागेकडे बघत राहिले. आमचे कण असते तर सभोवतालचं सगळं काळं झालं असतं आणि ती जागा मावशीने स्वतः बघितली असती तरी ओळखली असती. मी असं शेकडो वेळा पाहिलं आहे, आमच्या उंदरांच्या यकृतांत. त्यांच्यासाठी सगळं आहे. माझ्या माणसासाठी नाही. नऊ वर्षांत इतकी हताश मी कधी झाले नव्हते, आणि काम इतकं खरं कधी वाटलं नव्हतं.

"माझी गाडी मी रद्द करते," बाहेर आल्यावर मी म्हणाले. "तीन महिने इथेच राहते."

"राहून काय करशील? भाकरी तर गोल थापता येत न्हाई तुला," मावशी म्हणाली.

"शिकते."

"एवढी वर्षं शिकवली, न्हाई आली." पण तिने माझा हात सोडला नाही. दवाखान्यापासून स्टेशनपर्यंत रिक्षात आम्ही तसेच बसून आलो, आणि रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या, कोचिंग क्लासचे फलक, बोरं विकणाऱ्या बायका, सगळं मला धूसर दिसत होतं.

फलाटावर काका बोरं आणायला गेले. तेव्हा मावशीने विचारलं. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"माणसाला यायला किती वर्षं लागतील गं त्याला?"

या चार दिवसांत मी पुरेसं खोटं बोलले होते. "सगळं नीट झालं तर दहा."

"धा." तिने रुळांकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले, कारण ती मनात काय मोजत होती ते मलाही मोजता येत होतं. गाडीची घोषणा झाली. काका बोरांची पुडी घेऊन लांबून येताना दिसले. मावशीने माझी ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "लागू दे. सगळं तपासून कर. माझ्यापायी घाई करू नको."

मग तिनेच मला डब्यात ढकललं.

परत येऊन आता पाच आठवडे झाले. आम्ही घाई करत नाही. जे सात वेळा तपासायचं ते सात वेळा तपासतो, आणि आमच्या प्रत्येक बाटलीवर माणसांना वापरू नये असं अजून लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी मीच चिकटवते. पण खरं सांगायचं तर मावशी, मला लय घाई आहे.